आपण हरलो, म्हणजे कोण हरलं

शनिवारी सकाळी साडेदहाला लंडनजवळच्या पिनरमधल्या आमच्या गल्लीत काय चाललेलं असतं? शेजारचा गाडी धुतो, समोरची बाई कुत्रं फिरवून आणते आणि आमच्या पुढच्या खोलीतून एक निवृत्त ऑर्थोपेडिक सर्जन "बॉल! अरे, बॉल!" असं ओरडत असतो. सुरुवातीला शेजारच्याने मला फाटकापाशी गाठून हळूच विचारलं होतं, डॉक्टर बरे आहेत ना. मी म्हटलं, बरे आहेत, फक्त शनिवारी ते ऑस्ट्रेलियात असतात. त्याला ते विस्मरणाचं लक्षण वाटलं असावं. तेव्हापासून तो यांच्याशी फार सावकाश आणि मोठ्याने बोलतो.

हे म्हणजे माझे यजमान. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने घरातला एक ट्यूबलाइट बदलताना कधी आवाज चढवला नाही. हॉस्पिटलात तर यांची ख्याती अशी की पेशंटचं हाड यांच्या नुसत्या शांतपणामुळे जुळतं. आणि आता सत्तरीला टेकल्यावर हे गळ्यात लोकरी मफलर घालून, सोफ्याच्या कडेवर बसून, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला पळणाऱ्या अठरा धटिंगणांना शिव्या घालत होते. शिव्या मिरजेच्या होत्या, तेवढं एक बरं. शेजाऱ्याला कळत नव्हत्या.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल ज्यांनी पाहिला नसेल त्यांचं काही बिघडलेलं नाही. मैदान अंड्याच्या आकाराचं, चेंडूही अंड्याच्या आकाराचा, आणि नियम कोणीतरी ते अंडं फुटल्यावर घाईघाईत केलेले. हाताने पकडायचं, पायाने मारायचं, मध्येच एकमेकांच्या खांद्यावर चढायचं. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर गोल, त्याचे सहा पॉइंट. नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला तर त्याला म्हणायचं बिहाइंड, आणि त्याचाही एक पॉइंट मिळतो. नेम चुकल्याबद्दल. आमच्या शाळेत गणिताच्या बाईंनी हे धोरण ठेवलं असतं तर मी भूलतज्ज्ञ कशाला झाले असते, गणिताची प्रोफेसर झाले असते.

आता पिनरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हे वेड लागावं कसं? तर त्याला कारण आमची मुलगी, आणि तिचं व्याकरण.

मुलगी एकुलती एक. जन्म इथला, डॉक्टर इथेच झाली. फाउंडेशनची, म्हणजे हॉस्पिटलातल्या उमेदवारीची, दोन वर्षं संपली आणि तिच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांसारखी तीही मेलबर्नला गेली. "आई, फक्त एक वर्ष. ऊन बघून परत येते." मिरजेहून निघताना आम्हीही सासूबाईंना दोन वर्षं सांगितली होती. ती दोन वर्षं अजून चालू आहेत.

आणि व्याकरणाचं असं, की मी बरीच वर्षं दर रविवारी हॅरोच्या एका चर्च हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवत असे. इथे जन्मलेल्या मुलांना 'ळ' येतो, घासून घासून येतो. टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, हेही शेवटी पाठ होतं. अडतं कुठे, तर आम्ही आणि आपण यात. इंग्रजीत एकच 'वी'. त्यात सगळी दुनिया मावते. मराठी माणूस इतका मोकळा नाही. तो 'आम्ही' म्हणताना समोरच्याला बाहेर उभा करतो आणि 'आपण' म्हणताना आत घेतो. मी मुलांना उदाहरण द्यायची. दारात पाहुणा उभा आहे. घरातली बाई म्हणाली, "आम्ही चहा घेतोय," तर पाहुण्याने काय ते ओळखावं आणि निघावं. ती म्हणाली, "आपण चहा घेऊ या," तर चप्पल काढावी. मुलं खो-खो हसत आणि पुढच्या रविवारी पुन्हा तीच चूक करत.

आमच्या मुलीची चूक मात्र स्वतंत्र होती. ती पाचेक वर्षांची असताना यांचे एक मित्र जेवायला आले होते. हाउन्सलोला त्यांची जीपी प्रॅक्टिस होती. पानं मांडून झाल्यावर मी तिला म्हटलं, जा, सगळ्यांना बोलाव. ही खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "चला, आम्ही जेवू या." आणि येऊन बसली. भाऊजी सोफ्यावरून हललेच नाहीत. म्हणाले, "जेवा तुम्ही, मी बघतो." आज इतक्या वर्षांनीही ते आमच्याकडे पानावर बसताना विचारतात, "वहिनी, आम्ही की आपण?"

मला तेव्हा अशी लाज वाटली की मी त्या पोरीला महिनाभर धारेवर धरलं. 'आम्ही' म्हटलं की टोकायचं. आम्ही नाही, आपण. आम्ही नाही, आपण. त्याचा परिणाम असा झाला की तिने 'आम्ही' हा शब्द कायमचा टाकूनच दिला. मग सगळीकडे 'आपण'. "आई, आपण स्कूल ट्रिपला टॉवर ऑफ लंडनला गेलो." मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. "आपण मॅथ्सला डिटेन्शनमध्ये बसलो." मी बसले नव्हते. युनिव्हर्सिटीत असताना तर मिरजेला फोनवर आजीला म्हणाली, "आजी, काल आपण खूप वाइन प्यायलो." सासूबाई घाबरून म्हणाल्या, "मी नाही गं बाई."

मी किती डोकं फोडलं, पण तो 'आपण' काही हलेना. यांना त्याचं भारी कौतुक. म्हणायचे, जाऊ दे गं, जाईल तिथे आपल्याला घेऊन जाते.

तर मेलबर्नला गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी तिचा फोन आला. तिकडचा हिवाळा, म्हणजे आपला उन्हाळा. वॉर्डातल्या मंडळींबरोबर कुठलासा सामना बघून आली होती. "बाबा, आपण काल जिंकलो."

हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "आपण? कुठे?"

झालं. आपण जिंकलो आणि आपल्यालाच पत्ता नाही, हे काही यांना सहन होईना. त्या संध्याकाळी लॅपटॉप उघडून बसले. पुढच्या आठवड्यात सबस्क्रिप्शन आलं, महिन्याभरात तिने पाठवलेला टीमचा मफलर आला. मी सांगून पाहिलं, अहो, तिला 'आम्ही' म्हणायचं होतं. त्यावर यांनी मला गप्प केलं. "तिला काय म्हणायचं होतं ते तू तुझ्या वर्गात घे. ती काय म्हणाली ते मी ऐकलंय."

दर शनिवारी सामना, आणि सामना संपला की तिचा व्हिडिओ कॉल. बापलेक तासतासभर बोलायचे. आधी तिचे फोन कसे असायचे? बरी आहेस? हो. जेवलीस? हो. थंडी? आहे. आता कोणाचा खांदा निखळला, कोणाला काढायला हवं, अंपायर आंधळा कसा, सगळी चर्चा मराठीत. तिच्या मराठीत, म्हणजे 'तो टीम' आणि 'माझा शिफ्ट', पण मराठीत. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. मला तो खेळ डोळ्यांसमोर नको होता, तरी हे ऐकायला मात्र हवं होतं. मी त्या संघाला शेवटपर्यंत 'तुमची टीम' म्हणत राहिले, तो भाग वेगळा.

भाऊजीही हळूहळू सामील झाले. त्यांची बायको गेल्यापासून हाउन्सलोच्या घरात एकटेच असतात. आधी नुसते सोबतीला म्हणून यायचे, पिकॅडिली लाइनची ट्यूब आणि मग बस पकडून, हातात जिलबीचा पुडा. दोन महिन्यांत तेही कोचला हाकला म्हणू लागले.

आता खरी गोष्ट. या ऑगस्टमध्ये मुलीला लंडनमध्ये ट्रेनिंगची जागा मिळाली. चांगली जागा, चांगलं हॉस्पिटल, आमच्या घरापासून ट्यूबने तासाभरावर. महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. आणि त्याच सुमारास तिकडच्या हॉस्पिटलनेही तिला राहा म्हणून विचारलं होतं. मी तिला काहीही बोलले नाही. फक्त तिच्या खोलीतलं ट्रेडमिल बाहेर काढलं, पडदे धुतले आणि पलंगावर नवी गादी आणून टाकली. यांनी विचारलं, पाहुणे येणार आहेत का. मी म्हटलं, गादी खराब झाली होती.

कॉलवर हे तिला विचारून बसले, "मग, लंडनचं काय ठरवलंस?" ती हसली. "बाबा, सीझन संपू दे. आपण फायनल्सला गेलो तर मी सोडून कशी येणार?"

हेही हसले. मला नाही हसू आलं. ती खरं कधी सरळ सांगत नाही, चेष्टेतच सांगते, हे मला ती पाळण्यात होती तेव्हापासून माहीत आहे. कॉल संपल्यावर मी चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खेळाचा पॉइंट टेबल उघडून वाचला. प्रकार सोपा होता. शेवटचा एक सामना उरला होता. जिंकले तर फायनल्स, हरले तर सीझन तिथेच खलास. आणि समोर कोण, तर यादीत सगळ्यात तळाला असलेला संघ, ज्याने वर्षभर कोणाचं वाईट केलं नव्हतं. माझ्या मुलीचं घरी येणं आता त्या दरिद्री संघाच्या हातात होतं. मी त्यांच्या खेळाडूंची नावं पाठ केली.

सामन्याच्या दिवशी सकाळी मी देवघरातली पितळेची भांडी घासायला काढली होती. गणपती जवळ आले होते, भांडी काळी पडली होती. चिंच लावून समई घासली, ताम्हन घासलं, आणि पितळेचा छोटा गणपती चिंच सुटायला काचेच्या बाउलमध्ये पाण्यात बुडवून ठेवला. एवढ्यात हे चहाचा कप ठेवायला आत आले आणि बाउलकडे बघत उभेच राहिले.

"अगं," हे म्हणाले, "तू देव पाण्यात ठेवलेस?"

मी यांच्याकडे बघितलं, गणपतीकडे बघितलं. समई पुसायला घेतली. हे बाहेर गेले आणि भाऊजींना म्हणाले, "बघितलंत? वर्षभर टीमला नावं ठेवते, आणि आज देव पाण्यात घालून बसली आहे." भाऊजी आतल्या बाजूला वळून म्हणाले, "वहिनी, मानलं." मी खोटं कुठे बोलले? देव पाण्यातच होते. कोणासाठी, ते कोणी विचारलं नाही.

सामना सुरू झाला. पहिल्या क्वार्टरलाच यांच्या टीमने नेम चुकवायला सुरुवात केली. एक बिहाइंड. आणखी एक. मग आणखी दोन. प्रत्येक वेळी हे म्हणायचे, "असू दे, एक तरी मिळाला." भाऊजी म्हणाले, "असे किराणा दुकानदारासारखे सुट्टे किती गोळा करणार?" तिकडे तळातल्या संघाला आज कोणी काय पाजलं होतं कोण जाणे. ते नुसते धावत होते. यांच्या टीमच्या अंगात मात्र आदल्या रात्रीचं लग्नाचं जेवण असावं. एक जण चेंडू समोर पडलेला असताना त्याच्याकडे बघत राहिला. भाऊजी म्हणाले, "हा खेळतोय की वॉर्ड राउंड घेतोय?" यांनी दुसऱ्या एकाच्या चालण्यावरून त्याच्या मांडीचा स्नायू गेल्याचं निदान केलं, त्याला बाहेर काढा म्हणून टीव्हीला बजावलं आणि टीव्हीने ऐकलं नाही म्हणून रागावले.

मी दारात ट्रे घेऊन उभी होते. कपाळाला आठ्या घालून. आतून मला असा आनंद होत होता की ट्रेमधले कप वाजत होते. पण मी अख्खा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये मास्क बांधून काढला आहे. आत काय चाललंय ते डोळ्यांत येऊ न देणं ही माझी पोटापाण्याची विद्या.

तिसऱ्या क्वार्टरला कॅप्टनला अगदी समोरून किक मिळाली. आमच्या पिनरच्या पोस्टमननेही मारली असती. त्याने ती खांबावर मारली. खांबाला लागलं तरी एक पॉइंट मिळतो म्हणे. कॅमेऱ्याने प्रेक्षक दाखवले. पाऊस पडत होता, त्यांच्याच टीमची माणसं त्यांचीच हुर्यो उडवत होती. एका बाईने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. एका म्हाताऱ्याने मफलर काढून कुंपणावर फेकला आणि चालू लागला. ते बघून यांनीही मफलर काढला, नीट घडी करून रेडिएटरवर ठेवला. जरा वेळाने परत घातला. भाऊजी म्हणाले, काढल्यानंतर समोरच्यांचेच जास्त गोल झाले म्हणून.

शेवटचं क्वार्टर बघण्यासारखं नव्हतं, आणि मी ते पूर्ण बघितलं. तळातल्या संघाने यांच्या टीमचा असा काही धुव्वा उडवला की शेवटी समालोचकही हवापाण्याविषयी बोलायला लागले.

भोंगा वाजला. मग हे उठले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि क्लबला ई-मेल लिहायला बसले. कौन्सिलने कचऱ्याचे डबे उचलले नाहीत की हे ज्या सुरात लिहितात त्याच सुरात. भाऊजी शेजारी सरकले. भाऊजींचं म्हणणं, 'डिसग्रेसफुल' हा शब्द आला पाहिजे. यांचं म्हणणं, 'डिसअपॉइंटिंग' पुरे. बरीच घासाघीस होऊन 'समव्हॉट सरप्राइझ्ड'वर तडजोड झाली. इतकी वर्षं इंग्लंडात काढल्यावर माणसाचा संताप याच्यापुढे जात नाही. भाऊजी पुटपुटले, "मिरजेत असतो तर एव्हाना कोचच्या घरावर मोर्चा नेला असता." मग दोघांनी मिळून एक वाक्य लिहिलं की, आम्ही निष्ठावान समर्थक आहोत आणि आपल्याला हे शोभत नाही. इंग्रजीत ते फार सोपं पडलं. 'वी' म्हटलं की काम झालं.

तोवर मी आत जाऊन शिरा केला. सढळ हाताने तूप, वर बेदाणे. माझ्या हातून तो झालाच. बश्या घेऊन बाहेर आले तर भाऊजी बघतच राहिले. "वहिनी, हरल्यावर गोड?"

"तोंड कडू झालं असेल म्हटलं."

यांनी माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघितलं की मला क्षणभर स्वतःचा राग आला. क्षणभरच. मनातल्या मनात मी विमानतळावर पोचले होते.

तेवढ्यात तिचा कॉल आला. ट्राममध्ये होती. केस भिजलेले, गळ्यात तोच मफलर, ओरडून ओरडून घसा बसलेला. मागे तसेच भिजलेले, तसेच पडलेल्या चेहऱ्यांचे लोक. यांनी फोन कपाला टेकवून उभा केला, म्हणजे आम्ही तिघेही दिसू.

"बाबा," ती म्हणाली, "आम्ही हरलो."

यांनी लगेच समजूत काढायला सुरुवात केली. मी हातातला चमचा बशीत ठेवला.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"हरलो, आई. काय विचारू नको, किती खराब."

"त्याच्या आधी."

"आम्ही." आणि हसली. "बरोबर आहे ना? मला माहितीये बरोबर आहे. मी इथे संडेला मराठी शिकवते, लहान मुलांना. आपला... म्हणजे आमचा टर्म जुलैत सुरू झाला. लास्ट वीक 'आम्ही-आपण' घेतला. तुझा चहाचा एक्झाम्पल दिला. आई, मुलं इतकी हसली. शिकवताना मला पण कळला एकदम. इतकी वर्षं तू ओरडत होतीस ते काय ते."

माझ्या वर्गातली सगळ्यात ढ मुलगी मराठीची बाई झाली होती. एरवी मी पेढे वाटले असते.

"अगं पण आपणही बघत होतो की," हे म्हणाले. "आपण सगळेच हरलो."

"नाही बाबा." ती फार मायेने बोलत होती, लहान मुलाची चूक सुधारावी तशी. "तुम्ही सोफ्यावर होतात. आम्ही पावसात बसलो होतो. आम्ही हरलो."

भाऊजींनी खाली बघून शिऱ्यातला बेदाणा बाजूला काढला.

"टर्म किती दिवसांचा असतो?" मी विचारलं.

"डिसेंबरपर्यंत. नेक्स्ट इयर मला मोठ्या मुलांचा क्लास देणार आहेत."

"आणि लंडन?"

ट्रामची घंटा वाजली. कोणीतरी तिच्या पुढ्यातून उतरून गेलं. ती परत दिसायला लागली तेव्हा हसत नव्हती.

"आई, मी थर्सडेलाच नाही कळवलं त्यांना. आज मॅचनंतर सांगणार होते. वाटलं होतं, जिंकू, बाबा खुशीत असेल, मग सांगायला सोपं जाईल." तिने नाक पुसलं. "तू रागावलीस?"

"हो," मी म्हटलं. "रागावले. फार वाईटही वाटलं."

"आय नो."

"पण वाक्य बरोबर होतं तुझं. दोन्ही वेळा."

ती रडत होती की केसांतलं पाणी होतं, त्या छोट्या चौकटीत कळेना. म्हणाली, "माझा स्टॉप आला. चल आई, येते." जाताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं, हे मात्र तिला कधी शिकवावं लागलं नव्हतं. ते तिने घरात ऐकूनच उचललं होतं.

कॉल बंद झाल्यावर भाऊजींनी बशीतला शिरा शेवटपर्यंत संपवला, बशी स्वतः सिंकमध्ये नेऊन ठेवली आणि कोट चढवला. दारात मला म्हणाले, "वहिनी, पुढच्या शनिवारी सामना नाही. तरी येऊ का?" मी म्हटलं, या, आपण जेवू या. ते त्या शब्दावर एकदा हसले आणि बसकडे गेले.

हे अजून लॅपटॉप घेऊन बसले होते, पण टाइप काही करत नव्हते. मी स्वयंपाकघरात आले. ओट्यावर बाउल होता, बाउलमध्ये गणपती. मी टेकून उभी राहिले आणि त्याच्याकडे बघत राहिले. याला दोष द्यायलाही जागा नव्हती. मी मागितलं ते याने दिलं होतं, मागितल्यापेक्षा चांगलं भरघोस दिलं होतं. तिकडे हजारो माणसं पावसात भिजत घरी चालली होती, हाउन्सलोचा एक म्हातारा माणूस बसस्टॉपवर तोंड पाडून उभा होता, आणि हे सगळं ज्या पोरीसाठी मागितलं तिने गुरुवारीच कळवून टाकलं होतं.

मागून हे आले. यांनी बाउलमधून गणपती उचलला आणि गळ्यातल्या मफलरच्या टोकाने पुसायला लागले. इतर कुठल्या दिवशी मी तो मफलर हिसकावून घेतला असता.

"आपण हरलो," मी म्हटलं.

दोन सीझनमध्ये त्या टीमच्या बाबतीत तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच आला होता. हे पुसायचे थांबले. मला वाटलं, आता कॅप्टनच्या किकबद्दल सुरू होईल, मांडीच्या स्नायूबद्दल होईल. हे बोटाने गणपतीच्या कानामागची चिंच काढत राहिले.

"हो," हे म्हणाले. "गोल काही झाला नाही." मग गणपती माझ्या हातात दिला. "पण ती तिकडे पोरांना मराठी शिकवते म्हणाली. चहाचं उदाहरण तुझं. एक बिहाइंड तरी दे आपल्याला."

"दिला," मी म्हटलं, आणि शिऱ्याची कढई पुन्हा गॅसवर ठेवली.